नाकाने घात केला

ताईस, नकट्याचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, पोटभर जेवतो. आईला अगरबत्तीचा कारखानाच सांग. तुला म्हणून खरं लिहितो, इथे मी लोकांनी घरी मळून आणलेली चरस पारखतो. तूप खाली लागायच्या आधी वास ओळखणारं नाक इथे कामी आलं.

काल मालकाच्या मेव्हण्याने चरसची गोळी आणली. कण पेटवला तर काळा धूर आणि जळक्या रबराचा वास. "भेसळ आहे," मी सगळ्यांसमोर बोलून गेलो. मालकाने त्याच्या थोबाडीत मारली.

आज मेव्हणा माझ्या शेजारी जेवायला बसला. हसत म्हणाला, "घरी कोण कोण असतं रे?"

आईचा गुडघा कसा आहे? भाची चालायला लागली का? उत्तर मात्र पाठवू नकोस. मी त्याला सांगितलंय, मला कोणीच नाही.

तुझाच,
नकट्या