सर्व्हे नंबर ४१ मधील उभी ज्वारी ‘पडीक’ लिहिल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, जिल्हा परभणी

अर्जदार : कोकिळा भ्रतार कै. दिनकरराव सोनपेठकर, वय ४६, धंदा शेती, राहणार मौजे धामणवाडी.

विषय : सर्व्हे नंबर ४१, क्षेत्र सात एकर बारा गुंठे, यावर ज्वारी उभी असता पहाणीपत्रकात झालेली ‘पडीक’ ही नोंद रद्द करून कसणाऱ्याच्या रकान्यात अर्जदाराचे नाव लावण्याबाबत.

संदर्भ : गिरदावर यांचा पंचनामा, दिनांक १८ जानेवारी १९५४.

महोदय,

१. अर्जदार हैदराबादेस मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवीत होती. सन १९४८ च्या भाद्रपदात तिचे पती वारले. मूल नाही. पुढील चार वर्षे तिने काय केले ते तिला नीट आठवत नाही. शाळेच्या हजेरीपटावरून ती रोज हजर होती असे दिसते. सन १९५२ च्या अखेरीस नोकरी सोडून ती पतीच्या वाटणीच्या या जमिनीवर राहावयास आली. गावाची ओढ होती असे नाही. जमीन होती, एवढेच.

२. एकट्या बाईने शेतात गडी ठेवला तर गाव बोलते. न ठेवला तर औत चालत नाही, कारण बाईने रुमण्याला, म्हणजे नांगराच्या मुठीला, हात लावला की पाऊस जातो अशी येथील समजूत आहे. दोन्ही एकाच वेळी सांभाळता येत नाही हे पाहून अर्जदाराने जिंतूरच्या बाजारातून बैलजोडी आणली व गेल्या वैशाखात स्वतः नांगर धरला.

३. शेजारचे शेतकरी आश्रुबा यांनी तिला तीन दिवस शिकविले. बाईने नांगर धरल्याचे पाहण्याचा दोष नको म्हणून ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेताकडे पाठ करून उभे राहत व तेथूनच सांगत, “मास्तरीणबाई, बैलाच्या शेपटाकडं बघू नका, म्होरल्या बाभळीकडं बघा. तास वाकडं जायलंय.” तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडी गेल्याचे न पाहता कसे कळले, असे अर्जदाराने विचारले. ते म्हणाले, “घुंगरं ऐकू येतेत की.” ज्ञानाचे साधन म्हणून हे अर्जदारास मान्य आहे. पुढे वाटेने जाणारे इतरही पाठ फिरवू लागले. ती नेमकी केव्हा फिरवावयाची हे त्यांना कळत होते, याची नोंद घ्यावी.

४. श्रावणात पावसाने एकोणीस दिवस ओढ दिली. त्याचे कारण अर्जदार ठरली. जवळच्या पेडगावास कोणा बाईने रुमणे धरल्याचे ऐकिवात नाही, तरी तेथे ही ओढ बावीस दिवसांची होती. विसाव्या दिवशी येथे पाऊस आला, त्याचे श्रेय मात्र कोणी अर्जदारास दिले नाही. तिनेही मागितले नाही.

५. आश्विनात पेरणी झाली. पेरणीची तिफण अर्जदाराने हाकली, तिच्या चाड्यात मुठीने बी खुरपणीस येणाऱ्या कडूबाई यांनी सोडले. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत : “मूठ बाईची चालती, खुरपं बाईचं चालतं, काढणी बाईची चालती. रुमण्याला हात लावला की मग आभाळ रुसतंय व्हय? लय नाजूक हाय मग आभाळ!”

६. पटवारी व्यंकटराव पहाणीस आले तेव्हा ज्वारी कमरेइतकी होती. त्यांनी ‘पडीक’ लिहिले. विचारता म्हणाले, “बाईसाहेब, बाईनं औत धरल्याचं सरकारी कागदावर आलं, की पुढं कधीही पाऊस चुकला तर गाव माझ्या दारात येईल. आश्रुबाचं नाव लावतो, म्हणजे मिटलं.” आश्रुबांनी नकार दिला : “माझं नाव लावू नका. मी गप बसंन, पण माझी पोरं उद्या कूळ म्हणून हुभी राहतील.” या सर्व प्रकरणात स्वतःविरुद्ध खरे बोललेला हा एकच इसम आहे.

७. अर्जदाराच्या तक्रारीवरून पटवाऱ्यांचे वरिष्ठ, गिरदावर बन्सीधर, पंचांसह शेतात आले. ते ज्वारीत शिरल्यावर बांधावरून त्यांची फक्त टोपी दिसत होती. त्याच जागी उभे राहून त्यांनी लिहिले : “जमीन पडीक. पीक आपोआप उगवलेले.” सदर आपोआप उगवलेले पीक सरळ ओळींत, दीड दीड फुटावर आहे. निर्जीवातून सजीव आपोआप उपजतो हे मत गेल्या शतकात काचेच्या चंबूत तपासून निकालात निघाले; ते धामणवाडीत पुन्हा सिद्ध झाले असल्यास विद्यापीठास कळविणे गिरदावरांचे कर्तव्य आहे. पाचही पंचांनी नांगरणी पाहिली नसल्याचे सांगितले. ते खरे आहे. ऐकली काय, हे त्यांना विचारले गेले नाही.

८. अपमान वाटला काय, असे गिरदावरांनी जाताना अर्जदारास विचारले. वाटला नाही. पुष्कळ दिवसांत काही वाटलेले नाही. परंतु लागोपाठ दोन वर्षे पडीक लिहिलेली जमीन सरकार दुसऱ्यास कसावयास देऊ शकते, असे पटवारी सांगतात. पहिल्या वर्षाची नोंद खरी होती, तीबद्दल तक्रार नाही. ही दुसरी आहे. जमीन गेल्यास अर्जदारास परत जावयास जागा नाही.

९. कणसे भरली आहेत. काढणी केली तर पुरावा जातो, न केली तर वर्षाचे धान्य पाखरे खातात. अर्जदार दिनांक १५ फेब्रुवारीपर्यंत पीक उभे ठेवील व रोज गोफण घेऊन राखील. तत्पूर्वी आपण स्वतः येऊन पीक पाहावे व अर्जदारास आपल्यासमोर नांगर धरू द्यावा. धुऱ्यालगत त्यासाठी दोन गुंठे मोकळी जागा आहे. त्या वेळी आपले तोंड शेताकडे असावे, एवढी विनंती आहे.

१०. आपणास येणे न जमल्यास अर्जदार बैल व नांगर घेऊन कचेरीत येईल. आवारात नांगराचे किती तास काढून दाखवावयाचे ते कळवावे. आवारातील जमीन मुरमाड दिसते. खोली चार इंचांहून अधिक भरणार नाही. ती अर्जदाराची कसूर समजू नये.

आपली नम्र व सदर जमीन कसणारी,
कोकिळा सोनपेठकर
धामणवाडी, दिनांक २८ जानेवारी १९५४

सोबत : (१) पर्जन्याची रोजची नोंद, पाने चार. (२) शेताचा हातनकाशा. (३) ज्वारीचे कणीस एक, ओळ सतरावी.