एका अंजिरावर दोन राजे

थोरले बंधू बाल्तासारदादा यांस धाकट्या लेआंद्रोचा टोपी काढून नमस्कार. तुमचं गाढव, तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा बरा असेल, अशी आशा आहे (क्रमाचा राग नसावा). इकडे मेक्सिकोच्या आखातावर मी आणि माझी बायको लेओकाडिया धडधाकट आहोत. सासरेबुवांचं पुढे येईलच.

तुम्ही लिहिता की, आपली स्पॅनिश आणि फ्रेंचांची गलबतं या किनाऱ्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावताहेत, म्हणजे इथे सोनं असणारच आणि मी ते सख्ख्या भावापासून लपवतोय. दादा, इथे डास आहेत. हवे तेवढे न्या. मी आपल्या कप्तान फादरिकेला विचारलं, ही दलदल कशाला हवी? म्हणाला, फ्रेंचांना हवीय म्हणून. फ्रेंचांच्या कप्तान एतियेनला विचारलं (पिपं दुरुस्त करणाऱ्यापुढे सगळेच मोकळं बोलतात), तर तो म्हणाला, स्पॅनिश लोक उगाच येतील का? दोन पेले पोटात गेल्यावर खरं निघालं. त्याला मोठ्या नदीचं मुख हवंय आणि आपल्या राजाच्या चांदीच्या खाणींजवळ बूड टेकायला जागा हवीय. आपल्या राजाला तो शेजार नकोय. थोडक्यात, बांधावरून भांडण, आणि शेत तिसऱ्याचंच.

आता मालकी कशी लागते ते ऐका. कप्तानाने उतरायचं, तलवारीने झाडाची फांदी तोडायची, गवत उपटायचं, पाणी प्यायचं आणि दिसतं ते व न दिसतं तेही राजाचं, असं ओरडायचं. झाडं इथे रग्गड, पण मधे चिखल आणि फादरिकेचे बूट नवे. हाताशी होतं माझं अंजीर, तुम्ही ओल्या फडक्यात बांधून दिलेल्या काडीचं. त्याच वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं. पाणी सासरेबुवांच्या झऱ्याचं. म्हातारा इथल्या मूळच्या लोकांच्या गावचा मुखिया. पाहुणा दमलाय असं समजून त्याने स्वतः सुक्या भोपळ्यातून आणून दिलं. गावाने वर मका भाजून घातला.

पुढच्या वसंतात एतियेन आला. स्पेनचा हक्क या झाडावरून लागला, तर मोडायचाही इथूनच, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने दुसरी फांदी तोडली, खोडावर आपल्या राजाच्या नावाचा शिशाचा पत्रा ठोकला आणि पाणी मागितलं. म्हाताऱ्याने तेही दिलं. मका पुन्हा भाजला.

मग फादरिके परतला. पत्रा पाहून त्याने झाडच बुंध्यापासून तोडलं, आणि शत्रूला पाणी पाजलं म्हणून सासरेबुवांना बेड्या घालून हवानाच्या किल्ल्याकडे चालवलं. दुभाष्या मीच. होडीत चढताना म्हातारा थांबला.

“जावईबापू, याला विचारा. आमच्यात पाणी पितो तो पाहुणा होतो. तुमच्यात मालक होतो, हे पिण्याआधी का नाही सांगितलं?”

मी विचारलं. फादरिके म्हणाला, “पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं.” खरं आहे. स्पॅनिशमध्ये, समुद्राकडे तोंड करून, दुभाष्याला पिपं उतरवायला धाडून.

तुमच्या चिरंजीव क्रिस्पीनला नवे मुलूख शोधायचे आहेत म्हणे. त्याला सांगा, आधी शेजाऱ्याच्या परसात फांदी तोडून बघ, काय होतं ते.

तुमचा,
लेआंद्रो

ता.क. वहिनींचे मामा सेव्हिलला नव्या मुलखांच्या सरकारी कचेरीत आहेत. म्हाताऱ्याला सोडवायला त्यांनी एक शब्द टाकावा. पत्र त्यासाठीच, गाढवाची चौकशीही त्यासाठीच. लेओकाडिया अजून झऱ्यावरून बापाचा भोपळा भरून आणते आणि संध्याकाळी ओतून टाकते.

ता.क. मामा गुन्हा विचारतील. पाणी दिलं, असं सांगा.

आणखी एक. अंजिराच्या बुंध्याला कोंब फुटलाय. शीड दिसलं की लेओकाडिया त्यावर टोपली पालथी घालते. चर्चच्या पायरीवर याबद्दल बोलू नका. कुणीतरी त्याचाही शोध लावायला निघेल.