दहा गुंड आणि एक खिडकी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (डावा हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे तूर्त मनानेच घातला आहे, कारण पुढे येईल.) तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला, दोघेही माघार घेत असतील अशी आशा आहे.

प्रथम एक कोडे, जे तुलाही पडले असेल. हिंदी मारधाडपटात नायक एकटा, गुंड दहा. मग दहाही जण एकदम का तुटून पडत नाहीत? एक जण मार खाईपर्यंत उरलेले नऊ जागच्या जागी उड्या मारत पाळीची वाट का पाहतात? महिन्यापूर्वी अण्णा रंगात येऊन चित्रपट पाहत असताना मी त्यांना नेमके हेच विचारले. (शिवाय सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून तेवीस सुटल्याचेही निदर्शनास आणून दिले. विज्ञानाच्या शिक्षकाने गप्प बसावे तरी किती?) अण्णा म्हणाले, "मास्तर, शाळा सुटली." टीव्ही बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी ते तुझ्याकडे निघून आले. तुला त्यांनी हवापालट सांगितली असेल. खरे कारण त्यांचा मुलगा, म्हणजे मी.

ते गेल्यावर घर इतके शांत झाले, की तो चित्रपट मीच पुन्हा लावला. केवळ अभ्यास म्हणून, चुका टिपायला वही घेऊन. (आंधळी आई हरवलेल्या मुलाला पावलांच्या आवाजावरून ओळखते, तिथपासून दोन पाने कोरी आहेत. चष्मा धूसर झाला होता.) शेवटी नायक खांद्याने दार फोडत असतानाच आपल्या न्हाणीघराची कडी अडकली आणि तुझी भावजय आत कोंडली गेली. तरफेचे तत्त्व मी अठरा वर्षे शिकवतो आहे, पण त्या क्षणी कानात फक्त पार्श्वसंगीत होते. चार पावले मागे सरलो आणि दारावर झेपावलो. तिसऱ्या धडकेनंतर आतून आवाज आला, "अहो, कडी केव्हाच निघालीय! दार बाहेर उघडतं. तुम्ही बाजूला झालात तर येते मी!"

हाडांच्या डॉक्टरांकडे खांदा बसवून घ्यायला गेलो, तर नावनोंदणीच्या खिडकीवर दहा जण एकदम ओरडत होते, आणि आतल्या बाई केविलवाण्या सुरात म्हणत होत्या, "एकेक करून या हो!" ताई, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकले आहे. वीज कचेरीच्या तक्रार खिडकीवर अण्णांनी एकतीस वर्षे ते म्हटले आणि एकदाही कोणी ऐकले नाही. ते गुंड मात्र ऐकतात! पहिल्याचा निकाल लागल्याखेरीज दुसरा पुढे सरकत नाही. मी ज्याला दिग्दर्शकाची चूक म्हणत होतो, तीच अण्णांच्या आयुष्यातली एकमेव सरळ रांग होती, आणि तीही मी मोडली.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. अण्णांना सोमवारी परत पाठव. मी तोंड उघडणार नाही. पिस्तुलातून दोनशे गोळ्या सुटल्या तरी नाही. (शंभराच्या पुढे खात्री देणे अवघड आहे, पण प्रयत्न करीन.)

आणखी एक ता. क. त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताचे पॉलिश एकाच जागी उडालेले काल दिसले. म्हणून पाठवण्यापूर्वी एक साधा प्रयोग कर. रविवारच्या चित्रपटात मारामारी सुरू झाली की पडद्याकडे पाहू नकोस. अण्णांच्या उजव्या मुठीकडे पाहा. गुंड आडवा होताच ती खुर्चीच्या हातावर एकदाच पडते का, तेवढे बघ. निकाली निघालेल्या अर्जावर शिक्का मारताना पडायची, अगदी तशी.