पेटीभर चाकू आणि तुमचा तो एक

प्रिय रहीमभाई, सलाम.

तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले आणि पत्र मात्र आज लिहितो आहे. कारण परवा गंगापूरच्या बाजारात जे पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

बहिणीकडं गेलो होतो. बाजाराच्या कडेला एक म्हातारा धनगर मेंढी आडवी पाडून तिचे खूर साळत बसला होता. सहज त्याच्या हाताकडं नजर गेली आणि मी जागीच थांबलो. पिवळ्या हाडाची मूठ, तिच्यावर कोरलेला सतरा हा आकडा. रहीमभाई, तो माझा चाकू! माझ्या पेटीतला सतरावा!

"बाबा, हा चाकू कुठनं आणला?" मी विचारलं.

"शहागंजातल्या धारवाल्या शिकलगारानं दिला," मान वर न करता तो म्हणाला. "फुकट. म्हनला, ह्याला लई वरसं काम नाय मिळालं, जरा कामाला लाव."

मला हसू आलं. तुम्ही हे मला कधीच का सांगितलं नाही?

माझी ती सागवानी पेटी आठवते? पैठणच्या जत्रेत जा, जुन्या बाजारात जा, दारावर फेरीवाला येऊ दे, मी चाकू घेतल्याशिवाय राहत नसे. शाळेत पोरांना दिवसभर अक्षरं गिरवायला लावणारा मी मास्तर, मला इतके चाकू कशाला लागत होते? पण नवा आणला की मुठीवर आकडा कोरायचा, फलालीनच्या चिंधीत गुंडाळायचा, पेटीत ठेवायचा आणि पुढच्याच्या शोधात निघायचं. धार लावून घ्यायला तुमच्याकडं यायचो, तेही मिरवायलाच.

एकदा ती पेटी तुमच्या दुकानात उघडून बसलो होतो. कुणीतरी तुम्हाला आंबे आणून दिले होते. तुम्ही म्हणालात, "मास्तर, द्या एक चाकू. आंबा कापू." मी पेटीत हात घातला. एकाचा खिळा ढिला, एकाचं पातं डुगडुगतं, एकावर गंज. जे धड होते ते मला खराब करायचे नव्हते! तुम्ही माझं चाचपडणं बघत राहिलात आणि इतके हसलात, की समोरचा अत्तरवाला डोकावला.

"बेचाळीस चाकू, अन् आंबा दातानंच फाडायचा व्हय?"

मग तुम्ही खणातून तो काढलात. छावणीतल्या कुण्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला शेफिल्डचा चाकू. सांबरशिंगाची मूठ, बोटभर रुंद पातं. उघडताना खट् असा एकच आवाज. आंब्याची फोड अशी सुटली, की रससुद्धा सांडला नाही. माझ्या डोळ्यांतलं तुम्हाला दिसलं असणार. तुम्ही म्हणालात, "आठ दिवस खिशात ठेवा. पसंत नाय पडला तर आणून द्या."

ते आठ दिवस! पोरांच्या पेन्सिली केल्या, सुतळ्या तोडल्या, पेरू कापले, बायकोच्या मशीनचा अडकलेला दोरा काढला. नवव्या दिवशी घरी पेटी उघडली आणि एकेक चाकू हातात घेऊन पाहिला. सगळे खुळखुळत होते. काल जे माझं भांडार होतं, ते आज भंगार वाटायला लागलं. रागच आला तुमचा. इतक्या वर्षांचा माझा आनंद तुम्ही एका आंब्यात संपवलात!

पेटीच आणून तुमच्यापुढं ठेवली. बदल्यात तो एक घेतला. तुम्ही एवढंच म्हणालात, "मास्तर, आता तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला परत नाय मिळणार."

खरंच होतं ते. त्यानंतर जत्रेतला चाकू मी उघडून, मिटून, परत ठेवायला लागलो. विकणारे चिडायचे. चाकूचंच नाही, सगळ्याचंच असं झालं. छत्री घेताना काड्या तपासायच्या, वहाणेचा टाका ओढून बघायचा. बायको म्हणायची, "आधी चार आणून तीन टाकून द्यायचात, आता एक आणायला चार दिवस लावता!" पण त्या छत्रीनं सहा पावसाळे काढले, हे तिनंच शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलंय.

मन पुरतं मेलं होतं असंही नाही. एका पठाणाकडं चांदीच्या मुठीचा चाकू दिसला, तेव्हा पठाणालाच घेऊन थेट तुमच्याकडं आलो होतो ना? तुम्ही तो हातात फिरवलात आणि विचारलंत, "चांगलाय. मग खिशातला कुठं ठेवणार?" मी खिसा चाचपला. चाकू पठाणाला परत दिला. घरी जाताना हळहळलो, पण जेवायला बसेपर्यंत विसरूनही गेलो.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून चुकली. घ्यायचं काही उरलं नाही, तसं दुकानात यायलाही निमित्त उरलं नाही. चार महिने फिरकलो नाही. शेवटी तुम्हीच शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिलात.

"मास्तर, गिऱ्हाईक गेलं ते ठीक. माणूस कुठं गेला?"

किती लाजलो मी! त्या दिवसापासून रोज येऊन बसलो. तुमच्या धारेच्या साणेची घरघर, दोन कप चहा, उगाच गप्पा. माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या.

आणि तरी, तुम्ही गेल्यावर मी पुन्हा तेच केलं. दोन वर्षं तिकडं पाऊल टाकलं नाही. साण थांबलेली बघवणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. थांबली कुठं होती ती?

गंगापुराहून आलो आणि काल तडक दुकानात गेलो. तुमचा मुलगा युसुफ साणेवर बसला होता. "आव चाचा, क्या होना?" त्यानं विचारलं. म्हटलं, "काही नको. बसायला आलोय." त्यानं हात पुसले आणि माझ्यासाठी स्टूल पुढं केलं. पडद्याआडून भाभींनी विचारलं, "मास्तर आले का?" आणि मी हो म्हणायच्या आत चहा आला. बाकीचे चाकू कुणाकुणाला दिले, ते युसुफला नीटसं माहीत नाही. एक पैठणच्या विणकराला, एक दोरखंडवाल्याला, एवढंच तो सांगू शकला. मला तेवढंच पुरे आहे.

तुमची नात नसीमा आता पाच वर्षांची झाली. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि दारावरच्या पाटीकडं बोट दाखवून म्हणाली, "ये क्या लिखा है?" पाटीवर उर्दूत आणि मराठीत अजून तुमचंच नाव आहे. युसुफनं बदललेलं नाही. तिला उर्दू तो शिकवणार आहे. मराठी मी शिकवीन, शाळा सुटल्यावर, तुमच्याच दुकानात, रोज. हा माझा शब्द. शाळेत मी पोरांना अपासून सुरुवात करून देतो. तिला आधी पाटीवरचा र काढायला शिकवणार आहे.

तुमचा,
गणपत मास्तर