कमरेइतक्या पाण्यातली सून

माय, आज तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन आले. आष्टीच्या मुलींच्या वसतिगृहाचं तेच स्वयंपाकघर, जिथे तुझं अर्धं आयुष्य भाकरी थापण्यात गेलं. चुली गेल्या, गॅस आला, पण भात शिजवायचा तो मोठा गंज अजून आहे, एक कडी तुटलेला. मी तिथे पाहुणी होते, गळ्यात हार घातलेली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तांदूळ निवडता निवडता तू तळ्याची गोष्ट सांगायचीस. जुन्या काळच्या गोंड राजाने तळं खणलं, पाणी लागेना, भगत म्हणाला धाकट्या सुनेला आत उतरव. गोष्टीला तुझा नियम एकच, ऐकणाऱ्याने दर वाक्याला ‘हं’ म्हणून हुंकारा द्यायचा. एकदा मी गणितं सोडवत नुसतीच हं-हं करत होते, तर तू मधेच म्हणालीस, राजाने हत्ती फोडणीला टाकला. मी म्हटलं, हं. त्यावर डोक्यात बसलेली पळी मी विसरलेले नाही. “हुंकारा देऊन राह्यली का झोपा काढून राह्यली? थांबला हुंकारा, त थांबली गोष्ट.” तिथेच तू चुकलीस, माय. माझ्या हाती आयतं हत्यार दिलंस. त्यानंतर सून तळ्यात उतरते, पाणी घोट्याला येतं, गुडघ्याला येतं, कमरेला आलं की मी तोंड मिटून घेते. तू वाट पाहतेस. मी गप्प. तू पुन्हा तांदळात बोटं घालतेस. अशी ती बिचारी वर्षानुवर्षं कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली.

ती पळी बसली त्याच उन्हाळ्यात तू मला नदीवर नेलंस, पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलंस. शेजारच्या काकूला ते काही पटलं नाही. “पोरीच्या जातीले काऊन पोहणं शिकवून राह्यली वं?” तू वळूनही पाहिलं नाहीस. “कोन कवा पाण्यात ढकलन, सांगता येते का?” म्हणालीस, आणि माझ्या हनुवटीखाली हात धरलास.

त्या गोष्टीची मी कादंबरी लिहिली, तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी. संपादकांनी कळवलं, सगळं झकास आहे, शेवट तेवढा बदला; दंतकथेत सून बुडते, बळी घेतल्याशिवाय तळं भरत नाही. मीही तुझीच लेक. म्हटलं, छापायची तर अशीच, नाहीतर वह्या परत द्या. हस्तलिखित वर्षभर त्यांच्या कपाटात पडलं. मग छापलं, एक अक्षर न बदलता.

आज जेवणाच्या हॉलमध्ये आठवी-नववीच्या पोरींना तेच वाचून दाखवलं. आधी तुझा नियम सांगितला. काय हुंकारे देत होत्या, सगळ्या एका सुरात! सून तळ्यात उतरली, पाणी कमरेला आलं, आणि सगळा हॉल चिडीचूप. मी थांबले. पुढच्या रांगेतली एक मुलगी हाताची घडी घालून म्हणाली, “मॅडम, आमी नाई देत हुंकारा. थे बुडन ना.” मी म्हटलं, “देऊन तर पाहा.” तिने मैत्रिणींकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, हं.

मग मी वाचलं. सुनेला पोहता येतं का, हे राजवाड्यात कुणी विचारलंच नव्हतं. ती नदीकाठच्या गावची लेक. हात मारत पलीकडच्या काठाला लागली, पदर पिळला आणि माहेरची वाट धरली. पाणी तळ्यात राहिलं ते राहिलंच. पोरींनी ताटं वाजवली, माय. आता तुझ्या जागी असलेल्या बाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. जिंकलो आपण.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करते. पुस्तकावर ‘आईने सांगितलेली गोष्ट’ असं मी छापून घेतलंय. पण दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तू आपणहून ती गोष्ट सुरू केलीस. कमरेपर्यंत पाणी आणलंस आणि माझ्याकडे पाहत राहिलीस. मी हुंकारा दिला नाही. वाटलं, गोष्ट अडली तर तूही अडशील. तुझी सून बुडणार होती की पोहणार होती, मला आजही माहीत नाही.