बाई गेल्या म्हणून सांग

१९ नोव्हेंबर

आज मृत्युपत्र नोंदवलं. माझ्यामागे पेणचं हे घर रोह्याच्या आमच्या कन्याशाळेला. ते विकून शाळेने सभागृह बांधायचं. नाव : प्रा. रंभा टेमघरे सभागृह. शाळेवर माझं प्रेम आहे असा गैरसमज नको. चाळीस वर्षं व्याख्यानं देऊन मी महाराष्ट्र हलवला आणि माझी शाळा अजून पोरींना लेझीमच शिकवते. मी शिकले त्या जागेची ही लाज मलाच झाकायला हवी.

वर्गमैत्रीण भाविकाने शाळेला पंखे दिलेत. प्रत्येक पात्यावर स्वतःचं नाव. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही, एवढंही हिच्या डोक्यात आलं नाही. अशा बायका आज दानशूर.

संकल्प : स्वतःच्या दानाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. शाळेच्या संमेलनातल्या भाषणात फक्त ओझरता उल्लेख, तीन ठिकाणी.

२४ नोव्हेंबर

मुख्याध्यापिकेचा फोन. उमामा नाव, रोह्याशेजारच्या अष्टमी गावची. वाक्यागणिक 'ओके मॅम'. काय हे भाषेचं दारिद्र्य. आभार मानून झाल्यावर म्हणाली, मुली व्हरांड्यात जेवतात, पावसात पाणी डब्यात येतं, तर मधल्या सुट्टीत हॉलमध्ये बसवलं तर चालेल का. जिथे विचारांच्या ठिणग्या उडायच्या, तिथे भेंडीची भाजी.

संमेलनात मी दीड तास बोलेन म्हटलं. ती म्हणे, दहा मिनिटं करा मॅम, मुलींचे डान्स आहेत. दहा मिनिटं मला घसा साफ करायला लागतात.

निर्णय : शाळेचा फोन यापुढे घ्यायचा नाही. किंमत कळू दे. घरकामाला येणाऱ्या आवडीला बजावलं, रोह्याहून फोन आला तर 'बाई गेल्या' म्हणून सांग. कुठे, ते सांगायचं नाही. जास्त बोलायचं नाही.

३ डिसेंबर

बाजारातून आले तर आवडी म्हणाली, रोह्याचा फोन येऊन गेला. सांगितल्याप्रमाणे बाई गेल्या म्हणाली. तिकडून विचारलं, कधी? ही म्हणाली, आज सकाळीच. अशा अचानक कशा? "मी सांगलं, बऱ्या व्हत्या, चाय घेतली नि गेल्या. मग ती बाय रडायलाच लागली."

रडली. म्हणजे पश्चात्ताप. नुसत्या माझ्या अबोल्याने एक मुख्याध्यापिका कोसळते. मी बोलले असते तर काय झालं असतं.

८ डिसेंबर

शाळेचे फोन बंद. घाबरलेत.

गाडीवाल्या नितेशची पुतणी त्याच शाळेत आहे. मॅडम, शाळेच्या ग्रुपवर तुमचं नाव आलंय, म्हणून त्याने मोबाइल पुढे धरला. "१२ डिसेंबर, सकाळी अकरा. प्रा. रंभा टेमघरे यांना भावपूर्ण आदरांजली व सभागृहाचे भूमिपूजन."

शब्द चुकलाय. जिवंत माणसाला मानवंदना देतात. ओके मॅमवाल्यांकडून आणखी काय अपेक्षा करणार? भावना पोचली. भूमिपूजनाची घाई कळली नाही. घर तर माझ्यामागे मिळायचंय. पण माझं नाव सांगितल्यावर कोण कंत्राटदार पैशांसाठी थांबायला तयार होणार नाही?

मला वेगळं निमंत्रण नाही. देवाला कोणी देवळात बोलावत नाही.

१२ डिसेंबर, संध्याकाळ

नितेशच्या गाडीत भाषणाची तालीम केली. डोळे उघडले तर कोलाड. म्हणाला, "मॅडम, तुमच्या आवाजात रोह्याचा फाटा कधी गेला कळलाच नाय." परिणाम म्हणतात तो हा. मग मागे वळून रोहा. उशीर झाला.

मंडपात शिरले. सगळी शाळा उभी, माना खाली, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. गहिवरून आलं. ही शिस्त माझ्या येण्याने. मी मधून चालू लागले. एका शिक्षिकेने हातात झेंडूचं फूल दिलं आणि स्टेजकडे बोट दाखवलं. स्टेजवर माझा कॉलेजातला फोटो, त्याला हार. पुढे उदबत्ती. पाटीवर 'कै.'

भाविकाने मला पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. उमामा हळूच म्हणाली, "मॅम, तुमच्या घरूनच सांगितलं, गेल्या म्हणून."

मी बाजारात गेले होते, असं तिला सांगितलं. ती 'ओके मॅम' म्हणाली.

चुकीचं रूपांतर संधीत करतो तो वक्ता. माइक घेतला. 'भगिनींनो' म्हटलं आणि ठरलेला विराम घेतला. पहिल्या रांगेतल्या मुलीने शेजारणीला विचारलं, पण त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत गेलं :

"बाई जिवंत हायत, मग आपला हॉल नाय व्हायचा?"

कोणीही तिला गप्प केलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उत्तर ऐकायला. भूमिपूजनाला आलेल्या कंत्राटदाराने मोजायची टेप गुंडाळून खिशात घातली.

उमामाने माइक घेऊन डान्स जाहीर केला.

१३ डिसेंबर

आवडीला जाब विचारला. म्हणाली, "बाय, तुमीच सांगलं, कुठं गेल्या सांगू नको."

रोह्याला वक्तृत्वाची कदर नाही. मृत्युपत्र बदलावं का? वकिलाला फोन लावला. उचलला नाही. त्यालाही कोणी 'बाई गेल्या' म्हणून सांगितलं असावं.

घर विकून लहान घर घेतलं, तर उरलेल्यात सभागृह आताच होईल. विचार उदात्त आहे. पण माझ्या पुस्तकांना जागा लागते. नंतर बघू.

१६ डिसेंबर

घसा बसला म्हणून डॉक्टरकडे गेले. त्यांनी उगाच सगळंच तपासलं. रक्त, साखर, हृदय उत्तम. म्हणाले, बाई, अजून वीस वर्षं तुम्हाला धक्का नाही.

शाळेला कळवलेलं नाही.