शून्य तपासला

३ फेब्रुवारी
मधुरवाणीशी वाजलं आज! (हे नाव मीच ठेवलंय. माझी ज्युनिअर. बोलायला लागली की नुसता पाक गळतो.) तोंड आखडलेल्या पेशंटवर नव्या औषधाची चाचणी चालू आहे. तोंड किती उघडतं ते आम्ही दोघींनी आपापल्या डिजिटल कॅलिपरने मोजायचं, एकमेकींचा आकडा न बघता. आणि ही पेशंटला म्हणते, "अजून थोडं काका, अजून थोडं!" लिलाव चाललाय का? चांगलं सुनावलं. तर गालात हसली! हातातला कॅलिपर तसाच किंचित उघडा टेबलावर आपटला. बरं वाटलं.

४ फेब्रुवारी
बाईसाहेबांची 'शून्य तपासला' वहीत कालची सहीच नाही! रोज सकाळी कॅलिपर मिटायचा, पडद्यावर शून्य आलं का बघायचं, सही ठोकायची. एवढंही होत नाही. लेखी तक्रार दिली.
मी आठवड्याच्या सह्या एकदमच उरकते. बारा वर्षं मोजतेय, माझं काय तपासायचंय?

१९ फेब्रुवारी
पेशंटांपैकी त्या बसड्रायव्हरचे औषधाचे तीन महिने झाले. सुरुवातीला तोंड उघडायचं बावीस मिलिमीटर. आज माझ्या मापाने तेवीस, तिच्या मापाने सत्तावीस! खोटारडी कुठली. तीन मिलिमीटरही वाढ नसेल तर औषध बंद आणि थेट ऑपरेशन, असा नियम आहे. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, अख्खा चमचा जातो हो आत. बायको बघून रडली." म्हटलं, आम्ही चमच्याने मोजत नाही. चेहरा पडला त्याचा. पडू दे. सगळ्यांचे लाड करत बसले तर झालीच चाचणी.

२० फेब्रुवारी
मोठे डॉक्टर म्हणाले, "वाद असेल तिथे सीनिअरचा आकडा धरा." झालं!
मधुरवाणी मागे मागे आली. "मॅडम, एकदा माझ्या कॅलिपरने बघता का?" आगाऊ! आता हिच्याकडून शिकू?

२४ फेब्रुवारी
गेली एकदाची. दुसऱ्या विभागात पाठवली. जाताना दारात उभी राहून म्हणे, "माझ्यावर राग काढा, पण ड्रायव्हरकाकांना परत मोजा." दार लावून घेतलं.

२७ फेब्रुवारी
किती शांत वाटतंय. आकडे मात्र सगळ्यांचेच घसरलेत. मोठे डॉक्टर म्हणतात, औषधच फुसकं.

३ मार्च
उपकरणं तपासणारा आला होता. माझा कॅलिपर मिटला आणि माझ्यासमोर धरला. उणे चार.
"आपटला होता का मॅडम? चार मिलिमीटर उघडा असताना शून्याचं बटण दाबलं गेलंय. तेव्हापासून प्रत्येक माप चारने कमी."
मग त्याने वही मागितली. एक दिवस रिकामा नाही. सगळीकडे माझी सही.
ड्रायव्हरला आठ वाजता ऑपरेशनला आत घेतलं. आता सव्वादहा झालेत.